सकाळचा सेल्फ

आण्णांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. घोरता घोरता घशाची वाट मिटते, श्वास थांबतो, जीव दचकून जागा होतो, आणि रात्रभर हेच चालतं. त्यासाठी ते सीपॅपचं यंत्र लावून झोपतात. नाकावर मास्क, मास्कला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला उशाशी ठेवलेली छोटी पेटी. पेटी हवेचा हलका दाब देत राहते, त्यामुळे घसा मिटत नाही. यंत्र आलं आणि आण्णांचा चेहराच बदलला. दिवसा पेपर वाचता वाचता डुलक्या घेणं थांबलं, चिडचिड गेली. पण बाहेरगावचा मुक्कामही तेव्हापासूनच संपला. लग्नाला गेले तरी जेवून रात्रीच परत. "तिथं लाईट गेली तर?" एवढंच विचारायचे, आणि त्यावर कुणाकडे उत्तर नसायचं.

मला हे फार लागायचं, कारण आण्णांचं निम्मं आयुष्य मुक्कामाच्या गाडीत गेलंय. ते एसटीत चालक होते. संध्याकाळी कोल्हापुरातून सुटायचं, रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, ड्रायव्हर-कंडक्टरनं सीटवरच पथारी पसरायची आणि पहाटे दुधाचे कॅन, बाजाराची माणसं, कॉलेजची पोरं घेऊन परतायचं. गगनबावड्याच्या बाजूचे असे मुक्काम त्यांनी वर्षानुवर्षं केले. टपावर कोसळणाऱ्या पावसात लागलेली झोप ते अजून आठवून सांगतात.

म्हणून आम्ही व्हॅन घेतली. जुनीच ट्रॅव्हलर, साध्या अल्टरनेटरची. (अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र.) सीटा काढून आत पलंग करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ती घेतली. पलंग, ओटा, पडदे ही सुताराची कामं, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. खरं काम होतं दुसऱ्या बॅटरीचं. आण्णांची झोप त्या बॅटरीवर राहणार होती.

गाडीच्या बॅटरीवरच यंत्र चालवायला काय हरकत आहे, असं बरेच जण विचारतात. हरकत बॅटरीच्या पोटात आहे. सेल्फ मारण्यासाठी केलेल्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा पातळ आणि संख्येनं जास्त असतात. दोन-चार सेकंदांत शेकडो अँपिअर देणं हे तिचं काम, आणि इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिची तूट भरून काढतो. तिच्याकडून रात्रभर थोडी थोडी वीज काढून तिला तळाला नेलं की ती लवकर मरते, आणि त्याआधी सकाळी सेल्फ मारायची तिची ताकद जाते. जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी उलट स्वभावाची असते. तिच्यात एका दमात मोठा जोर नसतो, पण रात्रभर वीज देऊन ती पुन्हा उभी राहते. तिलाही निम्म्याच्या खाली नेऊ नये. शिशाच्या बॅटरीवर १०० अँपिअर-तास लिहिलेले असले तरी आपले पन्नासच धरायचे.

मी हिशोब मांडला तो आण्णांच्या यंत्रापासून. यंत्र २४ व्होल्टवर चालतं. इन्व्हर्टर लावला तर १२ चे आधी २३० व्होल्ट करायचे आणि मग यंत्राच्या अ‍ॅडॉप्टरनं २३० चे पुन्हा २४ करायचे. दोन्ही वेळा वीज उष्णता होऊन जाते, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी खातो. त्यापेक्षा १२ चे थेट २४ करणारा छोटा कन्व्हर्टर बरा. तसं केल्यावर बॅटरीतून सरासरी अडीच अँपिअर जातात. आठ तासांचे झाले वीस अँपिअर-तास. पंख्याचे बारा, दिव्यांचे आणि मोबाईलचे मिळून तीन. एका रात्रीला पस्तीस.

यंत्रात हवा दमट करणारं पाण्याचं भांडं असतं. त्याच्या खालचा हीटर चालू ठेवला तर वापर कितीतरी वाढतो. पण ज्या गगनबावड्यात पावसाळ्यात अंगावरचा टॉवेल वाळत नाही, तिथं हवा वेगळी दमट कशाला करायची? डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हीटर बंद ठेवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकानं हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

पस्तीसवर मी थांबले नाही. आमच्याकडं पावसाचा जोर वाढला की मांडुकलीला रस्त्यावर पाणी येतं आणि गगनबावड्याची वाट बंद होते. म्हणजे एका रात्रीच्या तयारीनं गेलेल्या माणसाला दुसरी रात्र काढावी लागू शकते. दुसऱ्या रात्री पंखा नको, दिवे नकोत, फक्त यंत्र: आणखी वीस. एकूण पंचावन्न, म्हणजे पन्नासाच्या थोडं वर, पण अडचणीतल्या एखाद्या रात्रीला तेवढा ताण चालेल. म्हणून १०० अँपिअर-तासांची बॅटरी.

हा कागद घेऊन मी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं, उद्यमनगर म्हणजे आमच्या गावाचे हात. उसाला पाणी द्यायला ऑईल इंजिनं लागायची, त्या इंजिनांच्या कामातून इथला कारागीर घडला, पुढं फौंड्र्या आल्या, आणि आज मोटारींचे सुटे भाग इथून देशभर जातात. लेथच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलणारी ही माणसं कागदावरचा आकडा आधी वाचतात आणि मग तुमच्याकडं बघतात. मी ज्या मामांकडं गेले, ते ऑटो इलेक्ट्रिशियन. बॅटरी, डायनामो आणि वायरिंग यांतच केस पांढरे झालेले. त्यांनी कागद वाचला, आण्णांच्या आजाराची चौकशी केली, आणि म्हणाले, "जोडायला काय ताई, शेंबडं पोरगंबी जोडंल. तोडायचं कवा, ते आधी ठरवा."

सगळं काम या एका वाक्यात आहे. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या एकत्र हव्यात, म्हणजे अल्टरनेटर दोघींना भरेल. इंजिन बंद झालं की त्या वेगळ्या व्हायला हव्यात, नाहीतर मागची नवी बॅटरी रिकामी होताना पुढच्या इंजिनाच्या बॅटरीलाही ओढून घेऊन जाईल. हे माणसावर सोडायचं नाही. रात्री दमून झोपणारा माणूस खटका पाडायला विसरतो. म्हणून मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा खटका, बसवतात. व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की तो जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. हे आकडे कुणी मनानं ठरवलेले नाहीत. शिशाची बॅटरी पूर्ण भरून निवांत पडलेली असली की १२.६ ते १२.८ च्या आसपास असते. ती आपण होऊन १३.३ दाखवत नाही. १३.३ दिसले म्हणजे इंजिन चालू आहे आणि अल्टरनेटर भरतोय. इंजिनाला वेगळी वायर न जोडता रिलेला एवढं कळतं.

आण्णांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे राधानगरीचे दरवाजे." कोल्हापूरकराला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीवर आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. किती वाजलेत, वर कुणी जागं आहे का, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. इकडं पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याच्या ३९ फुटांकडं चढत असते आणि ४३ ची धोका पातळी किती लांब आहे ते आम्ही मोजत असतो, तेव्हा कितवा दरवाजा उघडला याची बातमी घराघरांत पोचते. पातळी हाच हुकूम. रिलेचंही तसंच.

आण्णांनी एक शंका काढली, आणि ती बऱ्याच जणांना असते. "दोन बॅटऱ्या तर आमच्या गाडीलाबी होत्या." होत्या, पण त्या एकीच्या शेपटाला दुसरीचं तोंड अशा जोडलेल्या. मोठ्या बसला २४ व्होल्ट लागतात म्हणून बारा अधिक बारा. तिथं दोन्ही मिळून एकच बॅटरी होते. एक मेली की दोन्ही गेल्या. आमच्या व्हॅनला सगळं बाराच हवं होतं, म्हणून प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि मध्ये रिले. आण्णा ऐकून म्हणाले, "मग आमच्याकडं काय होतं? आम्ही गाडी उतारावर लावायचो." बॅटरी कितीही चांगली असली तरी मुक्कामाची गाडी उतारावर तोंड करून लावायची, म्हणजे सेल्फ नाही लागला तर गाडी सोडून गिअर टाकता येतो आणि पहाटेची फेरी चुकत नाही. जुन्या चालकांत हा रिवाजच होता, म्हणाले.

बॅटरी कुठली घ्यायची यावर मी मामांशी वाद घातला. मला लिथियम हवी होती. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला निम्म्याहून कमी, ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि टिकते जास्त. मामांचं म्हणणं असं की ती साध्या रिलेवर टाकायची नाही. तिचा आतला रोध कमी असल्यामुळं ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते आणि आमचा जुना अल्टरनेटर तापून जळेल. तिला डीसी ते डीसी चार्जर हवा, म्हणजे अल्टरनेटरची वीज बेतानं देणारी मधली पेटी. म्हणजे खर्च वाढला, आणि घाटात काही बिघडलं तर गावातल्या मिस्त्रीला ते उघडता येणार नाही. शेवटचा मुद्दा मला पटला. आम्ही व्हीआरएलए, म्हणजे सीलबंद शिशाची बॅटरी घेतली. ज्यांची गाडी प्रदूषणाच्या बीएस-६ नियमानंतरची आहे त्यांनी मात्र आधी अल्टरनेटर तपासून घ्यावा. बऱ्याच नव्या गाड्यांत तो संगणकाच्या हुकमानं चालतो, डिझेल वाचवायला मध्येच व्होल्टेज उतरवतो, आणि मग साधा रिले सारखा सुटतो. तिथं डीसी ते डीसी चार्जर घ्यावाच लागतो. आणि घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची ट्युब्युलर बॅटरी उचलून झोपायच्या जागेत कुणी ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि वळणावर अ‍ॅसिड हिंदकळतं. सीलबंद असली तरी आम्ही बॅटरीच्या पेटीला बाहेरच्या बाजूनं हवेचं भोक ठेवलं, आणि तीस किलोचा तो ठोकळा पट्टी मारून तळाच्या पत्र्याला बोल्टनं आवळला. करूळ घाटाच्या उतारावर जोरात ब्रेक लागला तर तो सुटून पुढं यायला नको.

केबलची गोष्ट जरा लांबण लावून सांगते, कारण लोक इथंच पैसे वाचवतात. पुढच्या बॅटरीपासून मागच्या पेटीपर्यंत पाच मीटर, येऊन-जाऊन दहा. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरीतून तीस अँपिअर पाठवले तर वाटेतच जवळजवळ ०.९ व्होल्ट जातात. अल्टरनेटर १४.२ देतोय आणि मागच्या बॅटरीला १३.३ पोचतायत, मग ती भरायची कशी? पंचवीस चौरसची केबल घेतली तर तीच घट ०.२ वर येते. मायनससाठीही आम्ही तेवढीच केबल ओढली. "बॉडीवर भरोसा नको, गाडी जुनी हाय, गंजलीय," असं मामा म्हणाले.

ही केबल घेताना मामांनी एक परीक्षा शिकवली. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल मिळते. दिसायला तीच लालसर, हाताला हलकी, दराला कमी. रोध साधारण दीडपट. तिची एक तार घ्यायची आणि ब्लेडनं खरवडायची. आत पांढरं दिसलं की केबल ठेवून निघून यायचं. मी दुकानात उभं राहून तार खरवडली. आतपर्यंत तांबंच निघालं, तेव्हा घेतली.

मग थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबणं. मामांकडं हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन आहे, षटकोनी डायचं. केबलचं टोक सोलून थिंबलमध्ये घातलं, हँडल चार-पाच वेळा मारलं, डाय मिटली. मला वाटलं झालं. मामांनी ते दाबलेलं थिंबल व्हाईसमध्ये धरलं आणि हॅकसॉनं मधोमध आडवं कापलं. कापलेल्या तोंडावर कानस फिरवली, मग पॉलिश पेपर, मग बोटानं पुसलं आणि माझ्यासमोर उजेडात धरलं. आत एक भरीव लाल षटकोन होता. तारा वेगळ्या दिसतच नव्हत्या. शेकडो बारीक तारांचा आणि थिंबलच्या भिंतीचा एकच गोळा झाला होता, मधे केसाइतकी फट नाही. मग त्यांनी खोक्यातून दुसरं थिंबल काढलं. कुठल्यातरी गाडीतून काढलेलं, हातोडीनं ठोकून बसवलेलं. तेही कापलं, तसंच घासलं. आत तारा गोल गोल सुट्या दिसत होत्या, मधे काळ्या फटी, आणि एका बाजूला हिरवट गंज. "हितनं हवा जाती, पाणी जातं, मग हे तापतं. वरनं दोन्ही सारखीच दिसत्यात बघा. तार दिसाया नको." एक चांगलं थिंबल आणि वीतभर केबल त्यांनी मला दाखवण्यासाठी खर्ची घातली, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

कथिल ओतून का नाही, असं मी विचारलं होतं. जिथं कथिल संपतं तिथं तार कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यानं नेमकी तिथं तुटते.

फ्यूज दोन लागतात, दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसपाशी एकेक, वीतभर अंतराच्या आत. एक फ्यूज घरच्या वायरिंगला पुरतो, कारण तिथं वीज एकाच बाजूनं येते. इथं केबलच्या दोन्ही टोकांना वीज आहे. मधे कुठं पत्र्याला घासून केबल उघडी पडली आणि बॉडीला टेकली तर दोन्हीकडून शेकडो अँपिअर धावून येतील आणि प्लॅस्टिक, गादी, पडदे पेटतील. आम्ही शंभर-शंभर अँपिअरचे फ्यूज टाकले. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, वर फ्लेक्सिबल पाईप. काम सुरू करताना आधी मायनस सोडायचा आणि सगळं झाल्यावर मायनस शेवटी लावायचा. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पानाच वितळतो.

मागच्या बॅटरीवरचं वायरिंग आम्ही दोन वाटांनी नेलं. पंखा, दिवे, मोबाईल एका वाटेवर. त्यांच्या मध्ये व्होल्टेज १२.२ ला आलं की वीज तोडणारा कटऑफ. आण्णांचं यंत्र दुसऱ्या वाटेवर, स्वतःच्या फ्यूजवर, आणि त्याचा कटऑफ ११.८ ला. वीज कमी पडली तर आधी आमचा पंखा जाईल, आण्णांचा श्वास नाही. बॅटरी थोडी ताणली गेली तरी चालेल, असं मी मामांना स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि त्या वायरीला लाल टेप गुंडाळली.

पहिला मुक्काम गगनबावड्यालाच केला, ऐन पावसात. वाटेत कळ्याला चहा, असळजच्या पुढं धुकं. वाहत्या पाण्यापासून लांब, मोकळ्या पठारावर गाडी लावली. उतार होता, आण्णांनी तो बघूनच जागा निवडली. रात्री यंत्र लावलं तेव्हा मागची बॅटरी १२.७ दाखवत होती. मी बराच वेळ जागी होते, मीटर बघत. आण्णा झोपले होते, घोरण्याचा आवाज नाही, फक्त यंत्राची संथ फुरफुर आणि टपावर पाऊस. पहाटे मागची १२.३ वर आली होती. पुढची जिथं होती तिथंच, १२.६. आण्णा उठले, तोंड धुतलं, आणि कुणाला न विचारता ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. मीटर चढत गेला, १२.९, १३.१, १३.३, आणि मागं पेटीतून रिलेचा टक् असा आवाज आला. "जोडलं," आण्णा म्हणाले.

परतीच्या पंचावन्न किलोमीटरांत बॅटरी पूर्ण भरत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार हळू भरतो, त्याला तास लागतात. एका जागी इंजिन नुसतं चालू ठेवून भरायला जाऊ नये. आयडलला अल्टरनेटर थोडीच वीज देतो, आणि धूर गाडीत शिरला तर जिवावर बेततं. आम्ही घरी आलो की रात्रभर चार्जर लावतो. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि तिची ताकद कायमची घटते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरातले कितीतरी भाग दिवसच्या दिवस अंधारात होते. तशी वेळ पुन्हा आली तर आण्णांची झोप दारातल्या गाडीत होऊ शकते. जोराचा पाऊस लागला की मी आता आधी मागच्या बॅटरीचा मीटर बघते.

हिवाळ्यात आण्णांना दाजीपूरकडं दोन रात्री राहायचंय, गवे बघायला. तेवढ्यासाठी टपावर शंभर वॉटचं सोलर पॅनेल टाकणार आहोत. हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात त्यातून दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-तास परत यावेत. पावसाळ्यात त्याचा भरवसा धरायचा नाही. मामांनी टपाचं माप घेतलंय, चार्ज कंट्रोलरची जागाही ठरली आहे. पॅनेलची केबल आत घेण्यासाठी टपाला भोक पाडायचं की खिडकीच्या रबरातून आणायची, एवढंच ठरायचं आहे. मामा म्हणतात भोक पाडू, सील चांगलं मारतो. आण्णा म्हणतात, टपाला भोक नको, पाऊस वाट काढतोच.